काकूंच्या हातचं

आमच्या मालकीणबाई रोज कोर्टात जायच्या. काम काही नसायचं. बायका कीर्तनाला जातात ना, तशा जायच्या. सकाळचा स्वयंपाक उरकला की चापूनचोपून नऊवारी नेसायची, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट चढवायचे, हातात पुरुषी काळी छत्री, आणि नौपाड्यातून चालत ठाण्याच्या कोर्टात. शेवटच्या बाकावर बसून साक्षीपुरावे ऐकायचे आणि दिवे लागायच्या सुमाराला परत येऊन ओट्यावर आम्हा भाडेकरणींना त्या दिवसाचा खटला सांगायचा. पूर्वी कधी दिराबरोबर त्यांचा या चाळीचा दावा चाललेला. तो त्या जिंकल्या, दावा संपला, जाणं मात्र संपलं नाही. एकदा म्हणे खुद्द न्यायाधीशांनी त्यांना, बाई तुमचं इथे काय काम, म्हणून विचारलं. तर ह्या म्हणाल्या, काम काही नाही, लक्ष ठेवायला येते.

मी लग्न होऊन त्या चाळीत गेले तेव्हा हे ऐकून चाटच पडले. आमच्या माहेरी कोर्टाची पायरी चढणं म्हणजे घराण्याला बट्टा. इथे एक विधवा बाई, पन्नाशी ओलांडलेली, बूट घालून कोर्टात मिरवते आणि सगळी चाळ तिला काकू काकू करते! सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, त्यांच्यासारखं देवमाणूस नाही, तू आपली भांडी घास.

काकूंना मूलबाळ नव्हतं. चाळ हाच संसार. नळ कुणी वाहता सोडला, जिन्यात कुणी केर लोटला, की काकू उलटतपासणी घ्यायच्या. आपण काही लांबण लावायला गेलं की छत्री जमिनीवर आपटून म्हणायच्या, "हो की नाही, एवढंच सांग." मोठमोठे बाप्ये त्यांच्यापुढे चळचळ कापायचे. आमचे हे कलेक्टर कचेरीत कारकून, घरात माझ्यावर आवाज चढवणारे. पण काकूंनी 'हो की नाही' म्हटलं की ह्यांचा आवाज नरड्यात अडकायचा. मला त्याची फार गंमत वाटायची, खोटं कशाला सांगू.

आणि काकूंच्या शिंका! सकाळी अंथरुणातून उठल्या की सुरू. एकदा लागल्या की थांबायचं नावच नाही. डोळे लाल, नाक लाल, पदर ओलाचिंब. अंगणात एक शेवग्याचं झाड होतं, ते फुलावर आलं की शिंका वाढायच्या. सगळ्यांनी सांगून पाहिलं, झाड तोडा. काकू म्हणायच्या, झाडाचा गुन्हा शाबीत झालेला नाही.

तर अशात ती गोळी आली. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झालेली. शिंका, सर्दी, अंगावर पित्त उठणं, या सगळ्यावर म्हणून एक नवीच गोळी बाजारात आलेली. कोर्टातल्या कुणा वकिलाने काकूंना एक दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीत शिंक ऐकू आली नाही. आम्ही घाबरून त्यांचं दार वाजवलं. काकू आत ढाराढूर झोपलेल्या.

तेव्हापासून ती गोळी त्यांच्या पानाच्या डब्यात सुपारीशेजारी जाऊन बसली. स्टेशनजवळच्या औषधाच्या दुकानात मिळायची, डॉक्टरची चिठ्ठीबिठ्ठी कुणी मागत नसे. काकू गोळी अडकित्त्याने कातरायच्या. स्वतःला अख्खी, दुसऱ्याला त्याच्या अंगलटीप्रमाणे अर्धी नाहीतर पाव. घेतली की तासाभरात डोळे मिटायचे. खटल्याची गोष्ट रंगात आलेली असायची, आरोपीचा वकील उठून उभा राहिलेला असायचा, आणि काकू वाक्याच्या मध्येच झोपायच्या. आम्ही तशाच बसून राहायचो. जाग आली की तेच वाक्य तिथूनच पुढे सुरू. त्या झोपेचं कुणाला काही वाटायचं नाही. उलट झोप येते म्हणजे औषध अंगी लागलं, असंच सगळे म्हणायचे. तोंडाला कोरड पडायची, तर म्हणे कफ सुकला.

आता हातगुणाचं सांगते, कारण खरा घोटाळा तिथे आहे. काकूंच्या हाताला गुण आहे, हे चाळीत सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. गोळी यायच्या आधीपासून. पित्त उठलं की गेरू लावायला काकू, आमसुलाचं पाणी द्यायला काकू, पोटदुखीला ओवा तोही त्यांच्याच हातचा. गोळी आली तशी त्या हाताची कीर्ती पार कल्याणपर्यंत गेली. माणसं दुकानातून स्वतः गोळी विकत आणायची आणि ती काकूंच्या हातात देऊन परत त्यांच्या हातून घ्यायची! मी ह्यांना म्हटलं, अहो, गोळी तीच ना? तर हे, कचेरीत फायली सांभाळणारा शिकलेला माणूस, मला म्हणाले की गोळी तीच असते, गुण हातात असतो. मी कपाळावर हात मारून घेतला.

आमच्या शेजारच्या खोलीत एक जण होते, शहाडला एका कारखान्यात मशीनवर. त्यांना सर्दी झालेली. काकूंच्या हातची गोळी घेऊन पाळीला गेले आणि चालू मशीनपुढे उभ्या उभ्या डुलकी लागली. शेजारच्या कामगाराने मागे ओढलं म्हणून हात शाबूत राहिला. नुसती बाही गेली. संध्याकाळी ती फाटकी बाही घेऊन ते काकूंच्या पाया पडायला आले. म्हणाले, काकू, तुमच्या हातचं पोटात होतं म्हणून वाचलो. मी नळावर होते. ऐकून माझ्या हातातली घागर सुटली. गोळीने झोप आली म्हणून हात जात होता, हे त्या माणसाच्या डोक्यातच येत नव्हतं!  काकूंनी मात्र विचारलं, गोळी घेतल्यावर झोप येते हे तुला ठाऊक होतं का? तो म्हणाला, हो, म्हणून तर गुण येतो. 

आमची बेबी तेव्हा तीन वर्षांची होती. शेवग्यावर सुरवंट झाले. काळे, केसाळ, बुंध्याला झुपक्याने चिकटलेले. बेबी खेळता खेळता झाडाला टेकली आणि तिच्या अंगावर पित्त उठलं. पाठ, मान, दंड, सगळीकडे लाल गांध्या. पोरगी खाजवून खाजवून रक्त काढत होती. सासूबाईंनी गेरू लावला, घोंगडीवर लोळवलं, आमसुलं चोळली. रात्रभर कुणाला झोप नाही. सकाळी मी तिला उचलून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोड लाल औषध बाटलीत दिलं, बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवली, आणि नीट बजावलं की दर वेळी एकच खूण, दिवसातून तीनदा, जरा झोपाळेल, घाबरू नका, आणि दुसरं औषध काही देऊ नका. मी मान डोलावली. शेजारी सासूबाई उभ्या होत्या, त्यांनीही डोलावली.

मी खुणेबरहुकूम देत होते. पहिल्या दिवशी गांध्या थोड्या बसल्या, पोरगी थोडी झोपली, रडली पण. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मोरीत धुणं धूत होते. खोलीतून बेबीचं हसू ऐकू आलं. मला आधी बरंच वाटलं. मग ते हसू थांबेचना. आत जाऊन बघते तर बेबी खाटेवर उभी, तोंड लालबुंद, आणि भिंतीवरून काहीतरी वेचतेय. चिमटीत धरायची आणि खाली टाकायची, परत धरायची.

"आई, सुरवंट," ती म्हणाली. "केवढे सुरवंट."

भिंत स्वच्छ होती. मी तिला जवळ घेतलं तर अंग तव्यासारखं, आणि घामाचा टिपूस नाही. ओठ कोरडे ठक्क. डोळ्यांत तर बघवेना. बुबुळं नुसती काळी, एवढाली मोठी झालेली, आणि ती माझ्याकडे न बघता माझ्या खांद्यामागे बघत होती. मी तिची आई, तिला उचलून घेतलेली, आणि तिला मी दिसतच नव्हते. 

सासूबाई म्हणाल्या, औषध उष्ण पडलं, धन्याजिऱ्याचं पाणी करते. मी थांबलेच नाही. तशीच ओल्या लुगड्याने, अनवाणी, पोरीला घेऊन दवाखान्याकडे धावले. सासूबाई मागून बाटली घेऊन धापा टाकत. वाटेत बेबी माझ्या खांद्यावरून, केसांतून, सुरवंट काढतच होती.

डॉक्टरांनी तिचे डोळे बघितले, जीभ बघितली, पोट दाबून बघितलं. लघवी केव्हा केली म्हणून विचारलं. मला आठवेना. सकाळपासून केलीच नव्हती. मग त्यांनी बाटली मागितली, उजेडात धरून पट्टीवरच्या खुणा बघितल्या. औषध बरोबर तेवढंच कमी झालेलं. त्यांच्या चेहऱ्यावर कोडं पडलेलं दिसत होतं.

"दुसरं काही दिलंत का? घरातलं, दुकानातलं, काहीही?"

मी नाही म्हटलं. सासूबाईंनी तर बेबीच्या डोक्यावर हात ठेवला. "या लेकराची शपथ," त्या म्हणाल्या, "दुसरं औषध म्हणून एक थेंब दिला नाही."

आणि त्या खोटं बोलत नव्हत्या हो! हेच तर मला अजून पचत नाही. नातीवर जीव टाकणारी बाई होती ती.

इतक्यात दारात काकू. कुणीतरी कोर्टात जाऊन त्यांना सांगितलेलं. बूट धुळीने भरलेले, छत्री काखेत, हातात तो पानाचा डबा. कुणी काही विचारायच्या आत त्या डॉक्टरांच्या टेबलापुढे ताठ उभ्या राहिल्या, साक्षीदार पिंजऱ्यात राहतो तशा, आणि म्हणाल्या,

"मी दिलंय. कालपासून हिची आजी हिला जेव्हा जेव्हा घेऊन आली तेव्हा तेव्हा दिलंय. शिंकेची गोळी, मधातून."

 मी बाकावर बसले. सासूबाई काकूंकडे बघत होत्या, त्यांना अजून कळलेलंच नव्हतं की हे कशाबद्दल चाललंय. डॉक्टरांनी विचारलं, केवढी गोळी? काकूंनी डबा उघडला, अडकित्ता दाखवला. म्हणाल्या, मोठ्यांची गोळी, तिचा तुकडा कातरून. डॉक्टरांनी परत विचारलं, केवढा तुकडा?

"अंदाजानं," काकू म्हणाल्या.

हा शब्द तोंडातून गेला आणि काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. साक्षीत कुणी अंदाजानं म्हटलं की वकील त्याच्या कशा चिंधड्या उडवतात, हे त्यांनीच आम्हाला ओट्यावर बसून शंभरदा हसत हसत सांगितलेलं होतं.

डॉक्टरांनी गोळीचं वेष्टण वाचलं. मग माझी बाटली आणि काकूंचा डबा शेजारी शेजारी ठेवले आणि सांगितलं की या दोन्हीत एकच औषध आहे. बाटलीत ते पोरीच्या वजनाला मापून विरघळवलेलं, आणि डब्यात मोठ्या माणसासाठी घट्ट केलेलं. मोठ्याला जास्त झालं तर झोप येते, एवढ्याशा पोराला जास्त झालं की उलटंच होतं, मेंदू भडकतो, नाही ते दिसतं, झटके येतात, लघवी अडते. आमच्या बेबीच्या पोटात कालपासून दोन्हीकडून जात होतं. मी देत होते आणि सासूबाई देववत होत्या. दोघी एका घरात, एका चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या. सकाळी नाहीतर दिवेलागणीला मी कामात असले की त्या तिला कडेवर घेऊन काकूंकडे जायच्या, आणि ते मला सांगावं असंही त्यांना वाटलं नाही. देवळात नेऊन अंगारा लावला तर कुणी सांगतं का?

टांग्याने सिव्हिल हॉस्पिटलात नेताना पोरीला झटका आला. माझ्या मांडीवर. डोळे वर गेले, दात बसले. पुढच्या बाजूला टांगेवाल्याशेजारी काकू बसलेल्या. त्या मागे वळून बघत होत्या, आणि त्यांनी एकदाही डोळे मिटले नाहीत. मी त्यांना त्या वेळी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. जे तोंडाला आलं ते बोलले. काकू दर वाक्याला नुसतं "हो" म्हणत होत्या.

हॉस्पिटलात गार पाण्याच्या पट्ट्या, सुया, लघवीसाठी नळी. एवढ्याशा पोरीला नळी! ती नर्सच्या पांढऱ्या टोपीवरूनही सुरवंट काढत होती. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर कधीतरी तिचा हात थांबला, ती माझ्याकडे बघून म्हणाली, आई पाणी, आणि मी ओक्साबोक्शी रडले. वॉर्डाबाहेर काकू उभ्याच होत्या. त्यांनी मला एकच विचारलं, तुला ओळखलं का, हो की नाही. मी हो म्हटलं. त्या घरी गेल्या.

झालं, असं तुम्हाला वाटेल. डोळे उघडले असतील चाळीचे. मलाही तसंच वाटलेलं. बेबीला घेऊन घरी आले तर सगळ्या बायका जमलेल्या, मीठमोहऱ्या ओवाळल्या, आणि एक जण म्हणाली, पोर हातची गेलेलीच होती, पण वेळेवर काकू तिथे पोचल्या ना. दुसरी म्हणाली, त्यांचा हात लागला म्हणून. आणि आमच्या सासूबाई! ज्यांनी सगळं स्वतःच्या कानांनी ऐकलेलं, त्या डोळे पुसत म्हणाल्या, काकूंचाच हातगुण. 

त्यानंतर तर काकूंच्या दारी आणखी माणसं यायला लागली. काकूंनी गोळ्या डॉक्टरांना नेऊन दिलेल्या, डब्यात फक्त पान उरलेलं. ओट्यावर उभं राहून त्यांनी सगळ्यांना स्वच्छ सांगितलं की माझ्यामुळे पोर मरत होती, गुन्हा माझा आहे, मी कबूल करते. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं, केवढं मोठं मन म्हणाले, आणि हात पुढे केले. काकू नाही म्हणाल्या तर युक्त्या सुरू झाल्या. काकू, हे वेष्टण जरा वाचून दाखवता का, चष्मा विसरले. काकूंनी वाचायला हातात घेतलं की झालं काम! आमच्या सासूबाईंनीही हे केलेलं मी बघितलंय. त्यांना अलीकडे शिंकांचा त्रास सुरू झालेला.

तेव्हापासून काकूंनी हातच झाकले. पदराखाली गुंडाळून बसायच्या. कुणाच्या हातावर काही ठेवायच्या नाहीत. प्रसाद द्यायचा तर वाटी खाली ठेवून म्हणायच्या, उचल. हळदीकुंकवाचा करंडा पुढे सरकवायच्या, ज्याचं त्याने लावावं. गोळी घेऊन कुणी आलं की हात न काढता उलटतपासणी घ्यायच्या: आणखी काय घेतोस? कुणी दिलं? किती वयाला? मशीनवर जायचंय का, हो की नाही? आणि मग, जा, डॉक्टरला विचार. कोर्टात जाणंही सोडलं. मी एकदा कारण विचारलं. माझा राग तोवर गेलेला, खरं सांगायचं तर त्यांची दयाच यायची. त्या म्हणाल्या, "आरोपीनं मागच्या बाकावर बसायचं नसतं गं."

पुढे ह्यांनी डोंबिवलीला जागा घेतली आणि आम्ही तिकडे गेलो. काकू गेल्याचा निरोप आला तेव्हा बेबी शाळेत वरच्या वर्गात होती. मी, सासूबाई आणि बेबी ठाण्याला गेलो. काकूंना अंगणात शेवग्याखाली ठेवलेलं. बूट पायाशी होते, ते कुणी ठेवले कोण जाणे. आणि हात उघडे, अंगाशी सरळ. इतक्या वर्षांत ते हात उघडे असे मी पहिल्यांदाच बघत होते. बोटं बारीक झालेली, अडकित्त्याचा घट्टा तसाच होता. 

बायका एकेक करून नमस्काराला वाकत होत्या. वाकल्या की जरा रेंगाळत होत्या. माझं लक्ष नव्हतं, बेबीचं होतं. तिने माझा दंड घट्ट धरला. मी बघितलं. पुढची बाई नमस्कार करता करता मुठीतली कागदाची पुडी काकूंच्या पंज्याला लावत होती. तिच्या मागचीने पदराच्या गाठीतून काढली.  तो शहाडचा माणूसही रांगेत होता. आणि त्याच्यापुढे आमच्या सासूबाई. त्यांनी वाकून काकूंचा उजवा हात हातात घेतला, त्यात आपल्या गोळ्यांची पुडी ठेवली, वरून काकूंची बोटं मिटली, आणि जरा वेळाने पुडी काढून घेतली.

मी पुढे झाले. सकाळीच डोंबिवलीच्या डॉक्टरांची गोळी त्यांना मी स्वतः दिलेली होती, शिंकांचीच. पण माझ्याआधी बेबीने आजीचं मनगट धरलं. ती अगदी काकूंच्या सुरात म्हणाली,

"आजी, आज आणखी काय काय घेतलंयस? खरं सांग."

सासूबाईंनी नातीच्या तोंडावरून हात फिरवला. "औषध एवढं सकाळचंच गं बाळा," त्या म्हणाल्या. "हे तर काकूंच्या हातचं."

मी पुडी मागितली. त्यांनी दिली नाही. शेवटी तिथे, सगळ्यांच्या देखत, मला त्यांची एकेक बोटं उघडावी लागली.